आखाजीला गावी न्या, आणि मुक्काम गावातच करा

पत्र (थोडं आटोपतं करून):

"ताई, आम्ही मूळचे अमळनेर तालुक्यातले. मोठी पोरगी पाळण्यात होती तेव्हा सुरतला आलो, उधन्याला राहतो. आता ती आठवीत आहे आणि लहाना चौथीत. मिस्टर साडी मार्केटमध्ये आहेत. सासरे दोन वर्षांपूर्वी इथेच वारले. सासूबाई सत्तरीच्या, बीपीची गोळी चालू आहे. दिवाळीपासून त्यांनी एकच धरून ठेवलंय, मला आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) गावी ने. गावात आमच्या वाट्याच्या धाब्याच्या (मातीच्या छताच्या) दोन खोल्या आहेत, कुलूप लावून पडल्यात. शेजारीच जेठ (मोठे दीर) राहतात पण शेताच्या वाटणीवरून भावाभावांत बोलणं कमी झालंय. मिस्टर म्हणतात अमळनेरला हॉटेल करू, एसी रूम घेऊ, आईला रोज दिवसा गावात फिरवून आणू. पोरं म्हणतात तिथे काय आहे, ऊन आहे आणि नेटवर्क नाही, त्यांना दमणला जायचंय. सासूबाईंचे भाऊ बेटावदला असतात, ते पण थकलेत. एवढ्या उन्हात म्हातारीला न्यायचं का दिवाळीवर ढकलायचं? आणि गेलो तर भांडण होणार नाही ना याचं मला रात्रंदिवस टेन्शन आहे. — धरणगावची माहेरवाशीण, सुरत"

उत्तर:

ताई, आधी सरळ उत्तर देऊन टाकते म्हणजे तुमचा जीव भांड्यात पडेल. जा. आखाजीलाच जा, दिवाळीवर ढकलू नका, आणि हॉटेल नको, मुक्काम गावातच करा. उन्हाची भीती खरी आहे, त्यावर सविस्तर लिहिते, पण ती न जाण्याचं कारण होऊ शकत नाही, ती फक्त नीट तयारी करून जाण्याचं कारण आहे.

मी धुळ्याकडची, त्यामुळे आखाजी म्हणजे काय हे तुम्ही मला आणि मी तुम्हाला सांगायला नको. बाकी महाराष्ट्रात अक्षय्य तृतीया म्हणजे सोनं घ्यायचा मुहूर्त, आपल्याकडे खानदेशात तो वर्षातला सगळ्यात मोठा सण, सासुरवाशिणी माहेरी येतात, गौराई बसते, लिंबाला झोके बांधतात, सालदाराचं (वर्षाच्या बोलीवरच्या शेतगड्याचं) नवं साल धरलं जातं, आणि त्याच दिवशी घरोघर पितरांची घागर भरतात. म्हणजे एकाच दिवशी लेकींचा पण सण आणि गेलेल्या माणसांचा पण. म्हणूनच सासूबाईंना दिवाळी चालणार नाही. दिवाळीला गाव तेच असेल पण त्यांना ज्या कामासाठी जायचंय ते काम नसेल.

आता ते काम कोणतं, हे मात्र तुमच्या घरात कोणी त्यांना विचारलेलं दिसत नाही. तुम्ही सगळ्यांनी धरून चाललंय की गाव म्हणजे सासरचं गाव. असू शकेल. सासरे सुरतला गेले, त्यांची घागर दोन वर्षं फ्लॅटच्या किचन ओट्यावर भरली असणार, आणि ज्या घरात त्यांनी सगळा संसार केला त्या घरात ती एकदा भरावी, वरच्या लोट्यावर डांगर (खरबूज) ठेवावं, सांजोऱ्यांचा घास टाकावा, असं त्या बाईला वाटत असेल तर त्यात काही नवल नाही. पण दुसरं पण असू शकेल. आखाजीला बाई माहेरी जाते ताई, सत्तरीची झाली तरी. तुम्ही एका ओळीत लिहून गेलात की त्यांचे भाऊ बेटावदला आहेत आणि थकलेत. पूर्वी आखाजी जवळ आली की मुराळी यायचा न्यायला, आता त्यांना न्यायला कोण येणार, भाऊच खाटेवर आहेत. मग त्या मुलाला म्हणतात मला गावी ने, कारण "मला माहेरी ने" हे या वयात सुनेसमोर नातवंडांसमोर म्हणायला संकोच वाटतो. मिस्टरांना सांगा, आज रात्री जेवण झाल्यावर आईजवळ बसून एवढंच विचारा, "माय, तुले कोठे कोठे जानं शे?" आणि मग मधे न बोलता ऐकून घ्या. त्या जी दोन-चार नावं घेतील तोच तुमचा प्लॅन. एखादी मैत्रीण असेल, एखादं शेत असेल, विहीर असेल. बेटावद काही लांब नाही, अमळनेरच्या अलीकडे तुमच्याच गाडीच्या रस्त्यावर आहे, एक सकाळ पुरेल.

हॉटेलबद्दल. मिस्टरांचा हेतू चांगला आहे, आईला एसी मिळावा आणि भावाच्या तोंडी लागायला नको. पण मे महिन्यात आपल्याकडचा दिवस कसा असतो ते आठवा. पहाटे पाचपासून नऊ-साडेनऊपर्यंत गाव जागं, मग दारं लोटली जातात ती संध्याकाळी पाच-साडेपाचपर्यंत, आणि खरं गाव बाहेर निघतं ते दिवस कलल्यावर, ओट्यावर पाणी शिंपडलं जातं, खाटा अंगणात येतात, आणि रात्री अकरापर्यंत बाया बोलत बसतात. हॉटेलातून नाश्ता करून निघालेला माणूस गावात पोचणार साडेदहाला आणि परत निघणार चार-पाचला, म्हणजे नेमका तेवढा वेळ गावात जेव्हा रस्त्यावर कुत्रं सुद्धा नसतं. सासूबाईंना सगळ्यात वाईट ऊन मिळेल आणि माणसं मिळणारच नाहीत. शिवाय स्वतःचं घर असताना म्हातारीला लॉजवर उतरवलं हे गावभर होईल, आणि ते जेठांना इतकं लागेल की वाटणीचा विषय आहे त्यापेक्षा चिघळेल. मुक्काम गावात, स्वतःच्या खोल्यांत, चार-पाच रात्री. दहा ठिकाणं फिरण्यापेक्षा हे बरं.

खोल्यांचं बघा आधी. कुलूपबंद धाब्याच्या घरात दोन-तीन वर्षांत काय काय होतं ते तुम्हाला माहितीये, छतावरची माती पावसात वाहून जाते, सऱ्यांना (छताच्या लाकडांना) वाळवी लागते, आणि कोपऱ्यात विंचू असतोच असतो. म्हणून आपण पोचायच्या आठ-दहा दिवस आधी मिस्टरांनी एकट्यानं एक फेरी मारावी, किंवा भरवशाच्या माणसाला पैसे देऊन घर उघडून झाडून, सारवून, लाईटची वायरिंग तपासून घ्यावी, सरी कमजोर वाटली तर त्या खोलीत झोपायचं नाही हे पक्कं. नळाला पाणी किती दिवसांनी येतं ते विचारून एक टाकी आधीच भरून ठेवायला सांगा. कूलर विकत घेऊ नका, अमळनेरहून भाड्यानं मिळतो का बघा. धाब्याचं घर दुपारी स्लॅबच्या घरापेक्षा बरंच थंड राहतं, तेवढी एक गोष्ट तुमच्या बाजूनं आहे. चपला-बूट घालायच्या आधी आपटून बघायचे, अंथरूण झटकायचं, हे लहान्याला पहिल्याच दिवशी शिकवा, आणि चुकून विंचू चावलाच तर मंत्र-बिंत्र काही नाही, सरळ सरकारी दवाखाना.

ऊन. याला हलकं घेऊ नका. जळगाव-भुसावळच्या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, आणि तुम्ही इतकी वर्षं सुरतच्या दमट हवेत राहिलात, तिथे घाम चिकटतो म्हणून कळतं तरी, आपल्याकडची हवा इतकी कोरडी की घाम येतो आणि उडून जातो, माणसाला वाटतं मला घामच नाही आला, आणि अंगातलं पाणी मात्र संपत असतं. निघायच्या आधी सासूबाईंना त्यांच्या डॉक्टरकडे नेऊन बीपीच्या गोळ्यांची चिठ्ठी दाखवा, कारण काही बीपीच्या गोळ्यांनी लघवी जास्त होते आणि अशा उन्हात त्याचा त्रास होऊ शकतो. डॉक्टर डोस बदलतील किंवा नाही बदलणार, पण आपल्या मनानं गोळी बंद करायची नाही. ओआरएसची पाकिटं सोबत ठेवा, पाकिटावर लिहिलेल्या मापानेच पाणी घालायचं (मोठं पाकीट एक लिटरला असतं), आणि बीपीच्या माणसाला ते किती द्यायचं हे पण डॉक्टरांना तेव्हाच विचारून ठेवा. तहान लागायची वाट न बघता तासा-तासाला पाणी, ताक, कैरीचं पन्हं. म्हातारी माणसं रात्री उठावं लागेल म्हणून पाणी कमी पितात, आणि गावातल्या बाथरूमची सोय बाहेर असेल तर त्या अजूनच कमी पितील, म्हणून रात्रीसाठी त्यांच्या खोलीजवळ सोय करा, ही बारीक वाटणारी गोष्ट सगळ्यात जास्त उपयोगी पडेल. दुपारी बारा ते पाच कोणीही, म्हणजे पोरं सुद्धा, बाहेर नाही. खिशात कांदा ठेवा कोणी सांगितलं तर ठेवा, आजीला बरं वाटेल, पण भरवसा पाण्याच्या बाटलीवर. आणि कोणाचं अंग तापलं, माणूस असंबद्ध बोलायला लागला, झोपाळल्यासारखा झाला, तर ते थकवा म्हणून सोडून देऊ नका, तो उष्माघात असू शकतो, लगेच सावलीत घेऊन कपडे सैल करून अंगावर पाणी, वारा, आणि १०८ ला फोन. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतायचं नाही.

प्रवास रात्रीचा करा, पहाटे उतरा. ताप्ती लाईनच्या (सुरत-भुसावळ मार्गाच्या) गाड्या उन्हाळ्यात यूपी-बिहारकडे जाणाऱ्यांनी भरभरून जातात हे तुम्ही उधना स्टेशनवर दरवर्षी बघताच, जनरलच्या डब्यात सासूबाईंना घालू नका, रिझर्वेशन ६० दिवस आधी उघडतं, त्या दिवशी सकाळीच काढा. आखाजी कधी एप्रिलमध्ये येते कधी मेमध्ये, पोरांची परीक्षा आडवी येत असेल तर मिस्टर आणि सासूबाई घागरीसाठी पुढे जाऊ देत, तुम्ही पोरांना घेऊन मागून जा. उशीर झाला तरी अमळनेरची यात्रा मिळेल, वैशाख शुद्ध एकादशीला सखाराम महाराजांचा रथ आणि पौर्णिमेला पालखी, बोरी नदीच्या पात्रात पाळणे, दुकानं सगळं लागलेलं असतं, आणि ते सगळं संध्याकाळनंतरचंच असतं.

आता जेठांचं. इथे माझं मत जरा कडक आहे. गावी येतोय हे त्यांना पहिलं कळलं पाहिजे आणि ते मिस्टरांच्याच तोंडून कळलं पाहिजे, तुमच्या नाही, सासूबाईंच्या नाही, व्हॉट्सअॅपवर तर नाहीच नाही. फार बोलायचं नाही. "दादा, मायले आखाजीले लई येस, घागर यंदा सोबतच भरूत." म्हणजे आईला घेऊन येतोय, बस एवढंच. वडील एक आहेत तर घागर दोन घरांत दोन कशाला, मोठा भाऊ भरेल, धाकटा शेजारी बसेल. पहिलं जेवण त्यांच्याकडे घ्या, त्यांनी बोलावलं नाही तरी जेठाणीला सांगा की पुरणाला मी येते मदतीला, खापरावरचे मांडे एकटीनं होत नाहीत हे तिलाही माहितीये, चुलीपुढे दोघी बसलात की निम्मं काम झालं.

वाटणीचा विषय या खेपेला काढायचा नाही. कोणी काढला तर मिस्टरांनी म्हणायचं, हे आईच्या सणाचे दिवस आहेत, त्यासाठी मी पावसाळ्यात वेगळा येतो, आणि खरंच वेगळं जायचं. आखाजीला आपल्याकडे पत्त्यांचे डाव बसतात, त्यात पैसे असतात, कधी बाटली असते, आणि भावाभावांचे जुने हिशेब नेमके तिथेच निघतात. मिस्टरांना त्या डावात बसू देऊ नका, रात्री आईच्या खाटेजवळ बसू देत.

एक गोष्ट मात्र तुमच्या कानावर असू द्या, तिथे बोलायची नाही, सुरतला परत आल्यावर शांतपणे मिस्टरांशी बोलायची आहे. जमीन सासऱ्यांच्या नावावर होती आणि मृत्युपत्र केलेलं नसेल तर वारस फक्त दोन भाऊ नसतात. सासूबाई स्वतः वारस आहेत, आणि नणंद असेल तर तीही. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनंतर तर वडिलोपार्जित जमिनीतही लेकीचा हक्क मुलाइतकाच आहे. दोघं भाऊ अर्धं-अर्धं म्हणून भांडतायत आणि ज्या माऊलीचा त्यात हिस्सा आहे तिला कोणी विचारत नाही, हे बरोबर नाही. आधी सातबाऱ्यावर वारस नोंद झालीये का ते बघा, ती वाटणीच्या आधी पण होते, आणि सगळे राजी असतील तर वाटप तहसीलदारांकडे जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली होतं, कोर्टात जावंच लागतं असं नाही. पण हे सगळं नंतर.

पोरांना समजावत बसू नका की गाव किती छान आहे. त्यांच्यासाठी ते गाव छान नाहीये, त्यांनी ते पाहिलेलंच नाही. दमणचं पुढे बघू म्हणा, खरंच न्यायचं असेल तरच म्हणा. मुलीला मुलींत सोडा. झोक्यावर चार पोरी भेटल्या की तिला तुमची गरज नाही, आणि गौराईची गाणी तिला येत नसतील तर आजीकडून दोन गाणी आत्तापासून सुरतमध्ये शिकू द्या, आजीलाही काम मिळेल. पोरीला अहिराणी बोलता येत नाही म्हणून तिथे कोणी हसलं तर तिच्या बाजूनं आधी आजीनं बोलायचं, हे सासूबाईंना सांगून ठेवा. मला वाटतं तेरा वर्षांच्या पोरीला ऊन आणि नेटवर्कपेक्षा ह्या हसण्याचीच जास्त भीती असते, ती नुसतं नेटवर्क म्हणते.

लहान्याला गाडीत नवापूर आलं की उठवून दाखवा, स्टेशन अर्धं गुजरातमध्ये आणि अर्धं महाराष्ट्रात, रात्र असली तरी उठेल तो. आणि दोघांना एक सकाळ अमळनेरमध्ये न्या, जिथे साने गुरुजी शिकवायचे ती प्रताप हायस्कूल बाहेरून दाखवा, आणि हे पण सांगा की जी विप्रो कंपनी त्यांना कॉम्प्युटरची म्हणून माहितीये ती १९४५ साली याच गावात वनस्पती तुपाचा कारखाना म्हणून सुरू झाली. आपल्या गावाला फक्त ऊन आणि पापड नाहीत हे त्यांना कळू द्या. तेवढं पुरे, अजिंठा-बिजिंठा या खेपेला घुसवू नका, मेच्या उन्हात त्या पायऱ्या म्हातारीला काय पोरांनाही नकोत.

आहेराचं, सुरतेहून येणाऱ्याकडून साडीची अपेक्षा असते हे मला माहितीये. वीस हलक्या साड्यांचं गाठोडं नेऊ नका. जेठाणीला एक मनापासून निवडलेली, नणंदेला एक, बेटावदच्या मामींना एक, बाकीच्यांना पोरांसाठी खाऊ. आणि बॅगेत येताना जागा ठेवा, कुरडया, बिबड्या (ज्वारीचे पापड) आणि दादर ज्वारीचं पोतं दिल्याशिवाय कोणी सोडणार नाही, त्याला नको म्हणू नका.

आता शेवटचं, आणि हे मी मुद्दाम मागे ठेवलं. एवढ्या मोठ्या पत्रात तुम्ही सासूबाईंचं लिहिलं, मिस्टरांचं, जेठांचं, पोरांचं. स्वतःचं माहेर फक्त सहीत लिहिलंत. आखाजी तुमची पण आहे. सासूबाईंना माहेर भेटावं म्हणून धडपडणारी बाई अमळनेरपर्यंत जाऊन धरणगावला न जाता परत येते, असं करू नका, आणि कोणी सुचवेल याची वाट पण बघू नका, आत्ताच घरात सांगून टाका की शेवटच्या दोन रात्री माझ्या आणि पोरांच्या धरणगावला. सासूबाई त्या दोन रात्री मुलाजवळ, दोन्ही मुलांजवळ, एकट्या राहतील, ते पण त्यांना हवंच असेल. परतीचं रिझर्वेशन काढताना धरणगावला थांबणारी गाडी बघा, तुमची आणि पोरांची तिकिटं धरणगावहून काढा आणि सासूबाई-मिस्टरांची त्याच गाडीत त्याच डब्यात अमळनेरहून, ते तिथे चढतील. सासूबाईंना खालचा बर्थ.